ढेकूण: एका उन्हाळ्यातली तीन घरं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंच्या दंडावर लाल पुळ्यांची ओळ उठली. पुण्यात ऊन तापायला लागलं होतं, त्यामुळे पहिली शंका घामोळ्याची. पावडर झाली. मग डासांची शंका आली, म्हणून खिडक्या संध्याकाळी पाचलाच बंद व्हायला लागल्या. चार दिवसांनी मुलाच्या मानेवर तशीच ओळ. उन्हाळ्यात आम्ही चौघंही एसीच्या एकाच खोलीत झोपतो, आजी-नातू दिवाणावर आणि आम्ही दोघं खाली गादीवर. मला आणि नवऱ्याला मात्र काहीच नाही. त्यामुळे 'अंथरुणात काहीतरी आहे' ही कल्पना आम्ही सगळ्यांनीच झटकून टाकली. असतं तर सगळ्यांना चावलं नसतं का?

सगळ्यांनाच चावत होतं. ढेकूण चावल्यावर अंगावर गांधी उठणं ही शरीराची प्रतिक्रिया असते आणि ती प्रत्येकाची वेगळी. काहींच्या कातडीवर काहीच दिसत नाही. हे मला त्वचेच्या डॉक्टरांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. त्यांनी आधी मुलाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या, कारण खरूज असेल तर ती तिथे दिसते. बेचक्या स्वच्छ होत्या. पुळ्या होत्या त्या उघड्या अंगावर, तीन-तीन, चार-चारच्या रांगेत. मग त्यांनी विचारलं, "गादीच्या शिवणी उलगडून पाहिल्यात का?" तपासणीचे सातशे रुपये, कॅलामाइन, रात्री खाज थांबवायची गोळी. ढेकणांमुळे कुठला आजार पसरत असल्याचं आढळलेलं नाही, खाजवून जखमा करू नका, एवढं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

घरी आल्यावर दिवाणाची गादी उभी केली. शिवणीच्या कडेला काळ्या शाईचे बारीक ठिपके पडावेत तसे डाग होते. ती त्यांची विष्ठा. त्याच्या शेजारी पारदर्शक, पिवळसर सालटी, म्हणजे टाकलेली कात. जिवंत ढेकूण दिवाणाच्या प्लायवूडमधल्या स्क्रूच्या भोकात सापडला, मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तपकिरी. शोधायचं असेल तर मोबाइलचा टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घ्या. फटीतून कार्ड सरकवलं की आत बसलेले बाहेर येतात. गादीपेक्षा लाकडात जास्त निघाले: दिवाणाच्या मागच्या फळीत, भिंतीवरच्या फ्रेमच्या मागे आणि पडद्याच्या पेल्मेटमध्येसुद्धा.

सासूबाई काही न बोलता सोफ्यावर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं. घाणेरडं घर म्हणतील." त्यांच्या लहानपणी सांगलीला दर उन्हाळ्यात खाटा अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. उकळत्या पाण्याचा तो उपाय अगदी योग्य होता, ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही ५० अंशांच्या वर तग धरत नाहीत. पण ती खाट होती, सुंभाची आणि सागाची. प्लायवूडच्या दिवाणात उकळतं पाणी ओतलं तर दिवाणच फुगून बसेल. आणि अस्वच्छतेचा यात तसा संबंध नाही. ढेकणाला कचरा लागत नाही, रक्त लागतं. तो बॅगेतून येतो, जुन्या फर्निचरमधून येतो, स्लीपर बसच्या सीटमधून येतो. आमच्याकडे कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्या शोधात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

गादी उन्हात टाकायचा सल्ला पाच जणांनी दिला. टाकली. वरची बाजू हात लावता येणार नाही इतकी तापली, खालची गार. ढेकूण चालत गार बाजूला जातात. पातळ चादरी, उशांचे अभ्रे यांना ऊन चालेल, जाड गादीला नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केले. झुरळांसाठी जेल लावून जाणारे आणि ढेकणांसाठी येणारे यांच्यात फरक आहे. पहिला माणूस घर न बघता फोनवरच १,८०० म्हणाला. एकच भेट, "एकदा मारलं की संपलं". त्याला अंड्यांचं काय विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आमचं औषध लई कडक आहे." कडक म्हणजे कुठलं, तर उग्र वासाचं, नाव सांगायला तयार नाही. डायक्लोरव्हॉस नावाचं असंच उग्र औषध घराघरांत वर्षानुवर्षं मारलं गेलं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. नाव न सांगणाऱ्याला मी तिथेच नमस्कार केला.

दुसरा घरी आला. खोली पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला की स्प्रेची कटकटच नको, एक गोळी ठेवतो, खोली बंद करा, सकाळपर्यंत एकही उरणार नाही. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, धान्याच्या गोदामात कीड मारायला वापरतात ती. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरात जातो आणि त्याच्या विषबाधेवर नेमका उतारा नाही. अशा गोळ्यांनी बंद खोल्यांत आणि शेजारच्या खोल्यांतही माणसं दगावली आहेत. राहत्या घरात ती ठेवायची परवानगी कुणालाच नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण 'गोळी' हा शब्द ऐकला की माणसाला दारापर्यंत सोडून या.

तिसरा दर ५,५०० होता, मोठी कंपनी, पण तारीख मे अखेरची. चौथ्या ठिकाणी जमलं. ३,२०० अधिक १८ टक्के जीएसटी, दोन फवारण्या, नव्वद दिवसांची लेखी गॅरंटी. मी परवाना मागितला तर त्यांनी व्हॉट्सॲपवर लगेच फोटो पाठवला. कीटकनाशक कायदा १९६८ खाली पेस्ट कंट्रोलच्या व्यवसायाला परवाना लागतो, तो राज्याच्या कृषी खात्याकडून मिळतो. फोटोवर मुदत आणि पत्ता बघून घ्या. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोणही बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

पाहणीला आलेले दादा मूळचे बीडचे, बोलायला मोकळे. सगळी खोली बघून झाल्यावर ते दिवाणाच्या मागची भिंत निरखत उभे राहिले. प्लगच्या बोर्डाभोवती काळे ठिपके होते. त्यांनी विचारलं, "ताई, ह्या भिंतीच्या पलीकडं कोन ऱ्हातं?"

पलीकडे काकू राहतात. वरच्या घरात आयटीतली तीन मुलं भाड्याने.

"मग त्यांच्याकडं बघितल्याबिगर मी पैसे घेनार नाही. तुमचं मारलं की हे भिंतीतनं तिकडं जानार, म्हैन्यानं परत हिकडं. मंग तुमी म्हननार गॅरंटी."

मी एवढा मोठा लेख खरं तर या एका वाक्यासाठी लिहिते आहे. औषध, वाफ, प्लास्टिकच्या पिशव्या हे सगळं पुढे सांगते, पण इमारतीत राहणाऱ्या माणसाचे ढेकूण शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय जात नाहीत. आणि तेच सगळ्यांत अवघड आहे.

नवरा म्हणाला, आधी सोसायटीला अर्ज देऊ, म्हणजे व्यक्तिगत होणार नाही. सचिवांना लेखी अर्ज दिला: अमुक सदनिकेत ढेकणांचा प्रादुर्भाव, लगतच्या सदनिकांची पाहणी व्हावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सोसायटीचा पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार असतोच, पण तो वाचून पाहा. आमच्या करारात जिने, ड्रेनेजचे चेंबर, पार्किंग आणि कचऱ्याची जागा एवढंच होतं. सदनिकेच्या आतलं काम ज्याचं त्याने करायचं. सभेत खर्चाची मागणी करायची नाही, फक्त पाहणीची आणि एकाच दिवशी काम करण्याची करायची, हे आम्ही आधी ठरवून गेलो. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी कार्यकारिणीची सभा होती. लिफ्टच्या विषयावर सव्वा तास गेला. आमचा विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये शेवटी आला, तेव्हा निम्मे उठले होते. अध्यक्ष म्हणाले, सोसायटी सक्ती करू शकत नाही, पण पत्र देऊ. पाहणीसाठी सभासदाला आधी नोटीस द्यावी लागते, ती निघायला आणखी आठवडा गेला.

त्या आठवड्यात मी काकूंकडे गेले. कैरीचं लोणचं देण्याच्या निमित्ताने. पहिली दहा मिनिटं लोणच्यावरच बोललो. मग मी मोबाइलमधले फोटो दाखवले आणि म्हटलं, काकू, आमच्याकडे ढेकूण झालेत. भिंत एकच आहे, म्हणून सांगायला आले. "आमच्याकडे नाहीत गं बाई," काकू लगेच म्हणाल्या. मी "बरं" म्हटलं आणि दादांनी सांगितलेल्या खुणा तेवढ्या सांगितल्या. वाद घातला नाही. रात्री साडेनऊला त्यांनीच बेल वाजवली. त्यांच्या नातवाची गादी त्यांनी उचलून पाहिली होती. काकांना माहीत नव्हतं, आणि काकूंची अट अशी की काकांना 'सोसायटीने सगळ्यांना सक्तीचं केलंय' असं सांगायचं. मी हो म्हटलं. काकांना बहुतेक सगळं कळलं होतं, ते फवारणीच्या दिवशी माझ्याकडे बघून हसले.

वरची मुलं त्याहून बिचारी. फेब्रुवारीपासून त्यांना त्रास होता. घरमालक डिपॉझिट कापेल म्हणून बोलली नव्हती. ऑनलाइन मागवलेला स्प्रे रोज रात्री मारत होती, आणि त्यातली एक गादी खाली कचऱ्याजवळ ठेवायचा बेत होता. तेवढा थांबवला. अशी गादी कचरा गोळा करणाऱ्या ताईंपैकी कुणीतरी घरी नेतं, आणि मग ढेकूणही त्यांच्या घरी. टाकायचीच असेल तर फाडून, प्लास्टिकमध्ये बांधून, वर मार्करने 'ढेकूण' लिहून टाका. घरमालक नाशिकला. त्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात किडीबद्दल काहीच नव्हतं, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची आणि मोठी मालकाची, एवढंच. मालक फोनवर म्हणाले, मुलांनीच आणले असणार. सोसायटीचं पत्र आणि आमच्या घरातले फोटो ईमेलने गेल्यावर नरमले. अर्धा खर्च मालकाचा, पुढच्या भाड्यातून वजा, हे मुलांनी ईमेलवर लिहून घेतलं. तोंडी ठेवलं नाही ते बरं केलं.

तीन घरं एकदम म्हटल्यावर दर उतरला: घरटी २,८०० अधिक जीएसटी, म्हणजे ३,३०४ रुपये. तारीख ठरली १ मे. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, सगळे घरात.

तयारीला तीन-चार दिवस द्या. त्या खोलीतली एकही वस्तू दुसऱ्या खोलीत न्यायची नाही, हा नियम. कपडे, चादरी, पडदे खोलीतच मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे, गाठ मारायची आणि पिशवीसकट मशीनकडे न्यायचे. आमच्या मशीनमध्ये ६० अंशांचा प्रोग्रॅम आहे, त्यावर धुतले. धुता येत नव्हते ते ब्लँकेट, स्वेटर ड्रायर असलेल्या लॉन्ड्रीत जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा-पाऊण तास फिरवून आणले, सगळे मिळून ११०० रुपये. लॉन्ड्रीवाल्याला खरं सांगितलं आणि पिशव्या सरळ ड्रायरमध्ये रिकाम्या केल्या. रिकाम्या पिशव्या पुन्हा वापरायच्या नाहीत. दिवाणाच्या पोटातून काय निघालं ते लिहायला नको. लग्नातला आहेर, १९९८ ची कॅलेंडरं, न वापरलेलं टपरवेअर. दिवाण म्हणजे ढेकणांना बांधून दिलेला वाडाच.

फवारणीला सकाळी दोघं आले. दादांनी मेन स्विच बंद करवला, बोर्डांच्या चौकटी उघडून आत फक्त कोरडी पावडर मारली. गादीच्या शिवणींना आधी वाफ, हळूहळू, कारण वाफेचं नळकांडं भराभर फिरवलं तर उष्णता आत पोचत नाही. मग प्लायवूडची प्रत्येक फट, स्कर्टिंग, पलंगाचे सांधे यांत लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक. वास जवळजवळ नाही. 'वास नाही म्हणजे औषध नाही' असं सासूबाईंचं मत पडलं, त्या डीडीटीच्या काळातल्या. डीडीटीला तर जगात काही ठिकाणी ढेकूण १९४० च्या दशकातच सरावले होते. आताच्या पायरेथ्रॉइड औषधांनाही अनेक ठिकाणचे ढेकूण दाद देत नाहीत, म्हणून दादा दुसऱ्या वेळी वेगळ्या गटातलं औषध आणणार होते. आम्ही चार तास बाहेर. दमेकरी, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर रात्रभर बाहेर राहा. सासूबाईंना दमा आहे, म्हणून त्यांना नणंदेकडे धाडलं, ड्रायरमधून काढलेले कपडे वेगळ्या बॅगेत घालून. नणंदेला आधी सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "ये, पण बॅग बाल्कनीत."

त्यानंतरचे दोन आठवडे या सगळ्या प्रकरणातले सगळ्यांत वाईट. फवारणीच्या तिसऱ्या रात्री मुलाला पुन्हा चावलं. पैसे बुडाले असं वाटतं, आणि माणूस स्वतःच दुकानातला स्प्रे आणून मारतो. तो मारायचा नाही. फटीतले ढेकूण त्याने पळतात आणि दुसऱ्या खोलीत वस्ती करतात. फवारणीत अंडी मरत नाहीत. ती उन्हाळ्यात सहा ते दहा दिवसांत फुटतात. बाहेर पडलेलं पिल्लू पाच वेळा कात टाकतं, प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं, आणि ते स्वतः अंडी घालायच्या वयात यायला महिनाभर जातो. त्या मधल्या काळात दुसरी फवारणी गाठायची, एवढंच गणित. म्हणून दुसरी तारीख पुढे ढकलू नका. काकूंचं लग्नाला जाणं निघालं होतं. किल्ली आमच्याकडे ठेवून गेल्या.

या दिवसांत कडेची फरशी पुसायची नाही. आमच्या कामाच्या मावशींना हे पटेना. त्या रोज म्हणायच्या, "वहिनी, नुसता मधला भाग पुसून माझं मन भरत नाही." भिंतीलगतच्या वीतभर पट्ट्यावर शेवटी मी मास्किंग टेप चिकटवली. आणि खोली बदलायची नाही. सगळे हॉलमध्ये झोपायला गेलात तर ढेकूणही हॉलकडे निघतात. त्याच खोलीत, त्याच अंथरुणावर झोपायचं, म्हणजे तो बाहेर येताना औषधावरून चालत येतो. मुलाला हे सांगायला मी धजले नाही. मीच त्याच्या जागी दिवाणावर झोपले, मला पुळ्या येत नाहीत म्हणून.

मोजमाप ठेवायला दादांनी सांगितलेली युक्ती: पलंग भिंतीपासून वीतभर ओढायचा, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, चारही पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या ठेवून आत टाल्कम पावडर भुरभुरायची. ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, गुळगुळीत पावडरीवरून चढताही येत नाही. सकाळी वाटीत सापडतो. दिवाणाला पायच नसतात. आम्ही सुताराला बोलावून सहा इंची पाय लावून घेतले, ९०० रुपये. गादीला चेन असलेलं बंद कव्हर घातलं, १,९०० चं. ते वर्षभर काढायचं नाही, आत राहिलेले ढेकूण आतच उपाशी मरतात, पण त्यांना कित्येक महिने लागू शकतात.

१७ मेला, शनिवारी, दुसरी फवारणी झाली. तिन्ही घरं त्याच दिवशी. वरच्या घरात पेल्मेटमागे नव्याने सापडलेली अंडी वाफेने घालवली, काकूंकडे काही निघालं नाही. वाटीत शेवटचं पिल्लू मला मेच्या अखेरीला दिसलं. जूनच्या मध्यावर दादा गॅरंटीतली तपासणी करून गेले, टॉर्च आणि कार्ड घेऊन, तिन्ही घरांत. त्या भेटीचा शेरा आणि तारीख पावतीच्या मागे लिहून सही घ्या, नाहीतर नव्वद दिवस कुठून मोजायचे यावर वाद होतो. आमचे दुसऱ्या फवारणीपासून मोजले, ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत.

आमच्या घराचा हिशेब: डॉक्टर आणि औषधं हजाराच्या आसपास, फवारणी ३,३०४, लॉन्ड्री १,१००, कव्हर १,९००, दिवाणाचे पाय ९००. वरच्या मुलांच्या भाड्यातून जूनमध्ये १,६५२ रुपये वजा झाले. मालकांनी त्यासाठी जीएसटीचं बिल मागितलं, म्हणून बिल प्रत्येक घराच्या नावाने वेगळं काढून घ्या. आमचं आधी तिघांचं मिळून एकच निघालं होतं, ते बदलून मिळायला जुलै उजाडला.